बॅटरी बदलली आणि गाडीचा रेडिओ बंद पडला? या चुका टाळा

नवी बॅटरी बसवली, गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, पण रेडिओची स्क्रीन काळीच. अशा वेळी बहुतेकांना वाटतं, सेट जळला. इतक्यात तसं समजू नका. बॅटरी काढेपर्यंत रेडिओ नीट वाजत होता, म्हणजे दोष बहुधा त्या कामात हात लागलेल्या जागीच आहे. तरीही लोक थेट डॅशबोर्ड उचकटायला बसतात. यात क्लिपा तुटतात, पॅनलवर ओरखडे पडतात आणि बिघाड मात्र बॉनेटखाली तसाच राहतो.

आधी रेडिओ नेमका कसा बंद आहे ते बघा. स्क्रीनवर काहीच येत नाही, स्क्रीनवर ‘कोड’ किंवा ‘सेफ’ असं दिसतं, की सगळं दिसतं पण आवाज नाही? तिन्ही वेळी कारण वेगळं असतं.

कोड मागतोय? मग अंदाजाने आकडे दाबू नका

काही गाड्यांचे मूळ रेडिओ वीज तुटली की स्वतःला कुलूप लावून घेतात. ही चोरीपासून बचावाची सोय आहे, बिघाड नव्हे. आठवेल तो आकडा दाबत राहिलात तर काही प्रयत्नांनंतर सेट लॉक होतो. मग अनेक सेटमध्ये तो चालू ठेवून तासभर थांबावं लागतं. कोड बहुधा चार किंवा पाच आकडी असतो आणि गाडीच्या मॅन्युअलसोबत आलेल्या छोट्या कार्डावर छापलेला असतो. ते पाकीट आणि ग्लोव्ह बॉक्स नीट शोधा. नाहीच मिळाला तर सेटचा सीरियल नंबर लागतो. होंडाच्या बऱ्याच सेटमध्ये १ आणि ६ ही बटणं एकत्र दाबून ठेवत रेडिओ चालू केला की तो नंबर स्क्रीनवर येतो. इतर अनेक सेटमध्ये तो सेटच्या अंगावरच्या लेबलवर असतो. हा नंबर आणि गाडीची कागदपत्रं दाखवली की अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून कोड मिळवता येतो.

स्क्रीन काळी असेल तर

रेडिओला वीज दोन वाटांनी येते. एक कायम चालू असते, तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. दुसरी चावी फिरवल्यावर येते. बाहेरून बसवलेल्या सेटमध्ये कायमची वायर सहसा पिवळी, चावीची लाल आणि अर्थिंगची काळी असते. यातली एकही तुटली तरी सेट मेल्यासारखा दिसतो, म्हणून एकच फ्यूज तपासून ‘फ्यूज तर ठीक आहे’ म्हणणं पुरेसं नाही. शिवाय रेडिओच्या फ्यूजवर ‘रेडिओ’ असं लिहिलेलं असेलच असं नाही. काही गाड्यांत कायमची वीज आतल्या दिव्याच्या फ्यूजमधूनच येते. दरवाजा उघडल्यावर छताचा दिवाही लागत नसेल, तर आधी तोच फ्यूज काढून बघा.

फ्यूज नुसत्या नजरेने तपासू नका. आतली पट्टी कधी केसाएवढी तडकते आणि अखंड दिसते. फ्यूजच्या पाठीवर धातूची दोन छोटी टोकं उघडी असतात. टेस्ट लॅम्पची (टोकदार सळई असलेल्या तपासणीच्या दिव्याची) क्लिप गाडीच्या उघड्या धातूला लावा आणि सळई त्या टोकांना आळीपाळीने टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागला तर उडालेला. कुठल्याच बाजूला लागला नाही, तर चावी फिरवून पुन्हा बघा. बाहेरच्या सेटच्या पाठीमागेही स्वतःचा एक फ्यूज असतो, तो विसरला जातो.

आता बॉनेट उघडा. पॉझिटिव्ह टर्मिनलवर जाड वायरीसोबत एखादी बारीक वायर, रिंग लावलेली, कधीकधी मध्येच फ्यूजची छोटी डबी असलेली, जोडलेली असते. बॅटरी बदलताना ती बाजूला पडते आणि तशीच राहते. वेगळा बसवलेला सेट किंवा अ‍ॅम्प्लिफायर (आवाज वाढवणारा डबा) बहुतेक वेळा तिच्यावरच चालतो. टर्मिनलच्या आसपास लोंबकळणारी वायर शोधायला मिनिटही लागत नाही, म्हणून माझ्या मते हे सगळ्यात आधी करावं.

टर्मिनल हाताने हलवून बघा. जराही फिरत असेल तर पकड सैल आहे. नव्या बॅटरीचा खांब जुन्यापेक्षा बारीक असला तर असं हमखास होतं. क्लॅम्पच्या आत पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. मल्टिमीटरवर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट यायला हवेत. १२ च्या खाली आले तर ‘नवी’ बॅटरी मुळात चार्ज नाही.

उलटी जोडणी आणि मोठा फ्यूज

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह क्षणभर जरी उलटे लागले, मोठी ठिणगी पडली, तर रेडिओतला संरक्षक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) वीज स्वतःकडे ओढून फ्यूज उडवतो. अनेकदा नुकसान तिथेच थांबतं आणि नवा फ्यूज टाकताच सेट वाजू लागतो. पण तोही लगेच उडाला तर तिथेच थांबा: डायोड शॉर्ट झालाय किंवा वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. लाल १० अँपिअरच्या जागी निळा १५ चा टाकणं, उडालेल्या फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणं हे कृपा करून करू नका. फ्यूज टिकेल, पण वायर तापेल आणि आग लागू शकते. इथे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

स्क्रीन चालू, आवाज नाही, असं असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज आणि बॅलन्स-फेडरची (आवाज डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे वाटणारी) सेटिंग बघा. टचस्क्रीन नुसती अडकली असेल तर पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा किंवा रिसेटच्या बारीक छिद्रात पिन टोचा. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सरचा छोटा प्लग असतो. तो निघाला असेल तर गाडी वीज वाचवायला रेडिओ बंद ठेवू शकते. काही मॉडेल्समध्ये नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात स्कॅनर जोडून करावी लागते.

पुढच्या वेळी बॅटरीला हात लावण्याआधी कोड जवळ ठेवा, चावी काढा आणि टर्मिनलचा फोटो घ्या. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम पाळला तर पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही.