पायोनियर दफनभूमीत जिओकॅशिंग: या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून (कोऑर्डिनेट्स) शोधण्याचा खेळ. त्याचा जन्मच अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी पोर्टलंडजवळ बीव्हरक्रीकला पहिला डबा ठेवला. ओरेगन ट्रेल या पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटेने बैल जुंपलेल्या गाड्यांतून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या, म्हणजे पायोनियरांच्या दफनभूमीही याच मुलखात आहेत. १४ फेब्रुवारी १९०९ पूर्वी वारलेली एक जरी व्यक्ती तिथे पुरलेली असेल, तर राज्याच्या कायद्यानुसार ती जागा ऐतिहासिक ठरते.

सुटा दगड उचलून पाहणे. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. एरवी जंगलात डबा दगडाखाली असतो, म्हणून इथेही हात आपसूक दगडाकडे जातो. पण ज्यांना कोरीव शिळा परवडली नाही, त्यांनी शेतातला साधा दगडच खूण म्हणून रोवला. तो हलला की त्या माणसाची एकमेव खूण गेली. नुसती आद्याक्षरं कोरलेला छोटा दगड दिसला, तर तो बहुतेक कबरीच्या पायथ्याचा असतो. निळसर राखाडी, ठोकल्यावर पोकळ वाजणारं स्मारकही फसवतं. ते जस्ताचं असतं, त्याच्या पाट्या स्क्रूने बसवलेल्या असतात. स्क्रूला हात लावू नका. नियमाने चालणारा कोणीही डबा कबरीत, स्मारकात किंवा जमिनीत पुरून ठेवत नाही.

फोनचा बाण शून्य मीटर दाखवतो, पण डबा नाही. मोकळ्या आकाशाखालीही फोन साधारण पाच मीटर चुकतो, मोठ्या फर झाडांखाली त्याहून जास्त. तेवढ्या अंतरात दहाबारा कबरी येतात. तेव्हा कबरींमधून घिरट्या घालू नका. वाटेवर थांबा, आकडा स्थिर होऊ द्या, मग कुंपण, फाटक, माहितीफलकाचा खांब आणि कडेची झाडं बघा. नाही सापडला तर सरळ ‘सापडला नाही’ अशी नोंद करा. ती नोंद डबा ठेवणाऱ्याच्या कामाची असते.

हिरवळ मोकळी दिसली म्हणून ती रिकामी समजू नका. पोर्टलंडच्या लोन फर दफनभूमीत २५,००० हून अधिक माणसं पुरलेली आहेत आणि त्यांतल्या हजारोंच्या कबरीवर काहीच खूण नाही. चिनी मजूर जिथे पुरले होते, त्या कोपऱ्यावर तर एकेकाळी सरकारी इमारतच उभी राहिली. ती पुढे पाडली, तरी मला हे वाचताना आजही राग येतो.

शिळेवरच्या सनावळीवरून डब्याची जागा काढायचं कोडं असेल आणि अक्षरं झिजलेली असतील, तर खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम, तारेचा ब्रश यांतलं काहीही वापरू नका. वालुकाश्माचे पापुद्रे निघतात, संगमरवर खरवडला जातो. आरशाने बाजूने तिरपा उजेड पाडा, अक्षरं उठून दिसतात.

कबरीवरची नाणी, खडे, खेळणी डब्यातल्या वस्तूंशी अदलाबदल करण्यासाठी नसतात. ती कुणीतरी आठवणीने ठेवलेली असतात.

परवानगीशिवाय डबा ठेवणे. दफनभूमीच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी लेखी घ्या. बऱ्याचदा आत डबा हवाच कशाला? शिळांवरचे आकडे वाचून शेवटचे कोऑर्डिनेट्स काढायला लावा आणि डबा बाहेरच्या बागेत ठेवा. लोक थांबून नावं वाचतात.

पडलेली शिळा दिसली तर उभी करू नका, सिमेंट तर नकोच. फोटो काढून व्यवस्थापनाला कळवा.