लागरमधलं लोणी: रेस्ट कधी सुरू करायची, कधी थांबवायची

घरचं लोणी ज्यांनी ताकावरून हाताने गोळा केलंय त्यांना डायॲसिटिल वेगळं शिकवावं लागत नाही. विरजणातले काही जिवाणू तेच तयार करतात. ताज्या लोण्याचा वास बराचसा त्याचाच. थालीपिठावर तो हवाच. पिल्सनरच्या, म्हणजे फिकट लागर बिअरच्या, ग्लासातून आला की मात्र तोंड वाकडं होतं, आणि जिभेवर तुपट बुळबुळीतपणा राहतो तो वेगळाच.

माझी पहिली लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) अशीच वाया गेली. मी मिलवॉकीत राहते. बेसमेंटमधल्या जुन्या फ्रिजला टेंपरेचर कंट्रोलर लावलाय, त्यात १९ लिटरची बकेट बसते. (अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग करू नका.) रेसिपीत होतं: दहाव्या दिवशी तापमान वाढवा, दोन दिवस ठेवा, थंड करा. लोण्याचा वास जावा म्हणून दिलेल्या या उबेलाच डायॲसिटिल रेस्ट म्हणतात. मी तंतोतंत तसंच केलं. चव घेतली, स्वच्छ होती. केगमध्ये (बिअरच्या पिंपात) भरली, आणि तिसऱ्या आठवड्यात थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास सुटला.

यीस्ट थेट डायॲसिटिल सोडत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल स्वतःसाठी बनवताना अल्फा-ॲसिटोलॅक्टेट हा मधलाच एक पदार्थ त्याच्यातून बाहेर झिरपतो. त्याला लोण्याचा वास नसतो. बिअरमध्ये पडल्या पडल्या त्याचं आपोआप डायॲसिटिल होतं, पण थंडीत फार सावकाश. मग यीस्ट ते परत आत ओढून निरुपद्रवी करून टाकतं. म्हणजे मी चव घेतली त्या दिवशी बिअरमध्ये लोणी नव्हतं, लोण्याचा कच्चा माल होता. घाईने थंड केल्यावर यीस्ट तळाशी जाऊन झोपलं आणि पुढे जे डायॲसिटिल झालं ते निस्तरायला कुणी जागं नव्हतं. फिकट लागरमध्ये लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी पुष्कळांच्या नाकाला ते कळतं.

आता मी तारखा बघत नाही, हायड्रोमीटर बघते. तो बिअरची घनता (ग्रॅव्हिटी) मोजतो; यीस्ट साखर खात जातं तसा आकडा उतरतो. त्यासाठी शेवटचा आकडा आधी माहीत हवा. यीस्ट घालायच्या दिवशीच वाटीभर वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) निर्जंतुक बाटलीत काढायचं, त्यात चिमूटभर जास्तीचं यीस्ट टाकायचं आणि बाटली सैल झाकणाने ओट्यावर उबेत ठेवायची. येता-जाता हलवायची. दोन-तीन दिवसांत ती उरकते. मागच्या खेपेला माझं वर्ट १.०४८ होतं आणि बाटली १.०१०वर थांबली. एकूण ३८ पॉइंटांची उतरण (एक पॉइंट म्हणजे ०.००१). त्यातली तीन चतुर्थांश संपली, म्हणजे बकेट १.०२०च्या आसपास आली, की ऊब द्यायची वेळ. यीस्ट तेव्हा भुकेलं असतं आणि अजून तरंगत असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच तापमान वाढवलंत तर फळांचा वास येईल. सगळं थंडावल्यावर वाढवलंत तर झोपलेल्याला उठवत बसाल. मी सॅफलेगर डब्ल्यू-३४/७० हे लागरचं यीस्ट वापरते, १२ डिग्रीला. मागच्या वेळी हा आकडा सातव्या दिवशी आला, त्याआधी नवव्या. दहावा दिवस कुणी ठरवला देव जाणे.

मोजण्याआधी नमुना हलवून गॅस काढा आणि २० डिग्रीला येऊ द्या. बुडबुडे चिकटले की हायड्रोमीटर वर तरंगतो आणि आकडा खोटा येतो.

आमचं बेसमेंट जानेवारीत १४ डिग्रीच्या वर जात नाही, त्यामुळे नुसता फ्रिज बंद करून भागत नाही. बकेट घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी हलवावी लागते (नवरा हलवतो, कुरकुरत). १९ लिटर तापायला साधारण दिवस जातो आणि तेवढ्या वेळात ग्रॅव्हिटीही उतरत राहते, म्हणून मी १.०२२लाच हलवते. १७ डिग्री पुरे. कंट्रोलरचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) बकेटच्या अंगाला चिकटवून वर टॉवेलची घडी बांधा, नाहीतर तो हवेचंच तापमान सांगत बसेल.

आता थांबायचं कधी? १७ डिग्रीला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी पहिली परीक्षा. मुरांब्याच्या दोन छोट्या बरण्यांत थोडी थोडी बिअर घ्या, वर फॉइल. एक बरणी ६५-७० डिग्रीच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, दुसरी तशीच. गरम केलेली गार करून दोन्ही एकाच तापमानाला आणा आणि मग फॉइल उचलून पटकन हुंगा. उष्णतेने कच्च्या मालाचं लगेच डायॲसिटिल होतं, म्हणजे पुढे केगमध्ये जे व्हायचं ते आजच समोर येतं. फक्त तापवलेल्या बरणीला लोण्याचा वास आला तर आणखी दोन दिवस थांबून परत करा. दोन्हींना आला तर यीस्टचं बरंच काम बाकी आहे. चार दिवस तिकडे बघूच नका. वासासोबत बिअर आंबटही लागायला लागली तर मात्र बहुधा जिवाणू शिरलेत, तिथे ऊब कामाची नाही. दोन्ही बरण्या स्वच्छ आणि ग्रॅव्हिटीही शेवटच्या आकड्यावर स्थिर, तरच पास.

कुठली बरणी कोणती हे दुसऱ्याला लपवायला सांगा, आपलं नाक आपल्या बाजूने खोटं बोलतं. आणि हुंगायला दोघं तरी असू द्या: काही लोकांना डायॲसिटिलचा वास येतच नाही. माझा नवरा त्यातला. लोण्यात न्हालेली ती पहिली लागर त्याने एकट्याने संपवली, वर "इतकी काय वाईट आहे?" म्हणून मलाच विचारलं.

पास झाली की रोज दोन डिग्री उतरवत २ डिग्रीपर्यंत न्या आणि चार-पाच आठवडे तिथेच राहू द्या. चेक पद्धतीची पिल्सनर करत असाल तर लोण्याची अगदी पुसट छटा राहिली तरी चालते. पण ती ठरवून ठेवलेली असावी. मी पहिल्या खेपेला पाहुण्यांना "चेक स्टाइल आहे" असंच सांगितलं होतं.