जुनी स्पीडबोट विकायला आलीय, पण ती खरंच किती जुनी?

माझ्या मित्राला बोट घ्यायची होती. हौस तर होतीच, पण २०१९ आणि २०२१ चा पूर बघितल्यापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की आपल्या दारात एक बोट पाहिजे, घर पंचगंगेच्या बाजूला आहे त्याचं त्यामुळं मलाही ते पटतंय. राधानगरी रोडला एका शेडमध्ये ताडपत्रीखाली जुनी स्पीडबोट पडलीय असं कळलं म्हणून रविवारी दोघं गेलो. मालक काका माणूस एकदम चांगला, आधी चहा पाजला, मग ताडपत्री ओढली आणि म्हणाले, "संस्थानच्या टायमाची हाय ही, आता अशी कुठं मिळायची न्हाई." किंमत पण त्याच हिशोबानं सांगितली.

काका खोटं बोलत नव्हते हे आधीच सांगतो. त्यांच्या वडिलांनी त्यांना जे सांगितलं तेच ते आम्हाला सांगत होते. पण बोट वेगळं सांगत होती, आणि तासाभरात तिनं जवळजवळ सगळंच सांगितलं. ते कसं वाचायचं तेवढं इथं लिहितोय, कारण आपल्याकडं जुनी गाडी, जुनी बुलेट तपासणारे गल्लोगल्ली मिळतात, पण बोटीचं वय कसं काढायचं विचारलं तर सगळे गप्प बसतात.

पहिली गोष्ट, बोटीला एकच वय नसतंय. हल म्हणजे बोटीची मुख्य बॉडी, तो एका सालचा असतोय, इंजिन दुसऱ्या सालचं, ट्रेलर इथंच उद्यमनगरात वेल्डिंग केलेला आणि कागदावर चौथंच साल. विकणारा यातलं त्याला बरं वाटेल ते साल सांगतो, बऱ्याचदा त्यालाही फरक माहीत नसतो. आपण धरायचं ते हलचं साल. इंजिन चार वेळा बदलता येतं, हल बदलला की बोटच दुसरी झाली.

आता जवळ जायच्या आधी दहा पावलं लांब उभं राहून बोट नुसती बघा. लाकडाची आहे का फायबरची? फायबरग्लासच्या बोटी अमेरिकेतच १९४० च्या दशकाच्या शेवटी कुठं बाजारात यायला लागल्या आणि सगळीकडं झाल्या त्या ५०-६० च्या दशकात. आपलं कोल्हापूर संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला. म्हणजे फायबरची बोट आणि संस्थानकाळ ही जोडी बसतच नाही, आणि आमच्यासमोर जी होती ती अख्खी फायबरची होती. मग खाली वाकून पोट बघा. पुढून मागपर्यंत खोल व्ही आकार तसाच गेला असेल तर ती रचना १९६० च्या आसपास गाजली, रे हंट नावाच्या अमेरिकन डिझायनरची, त्याच साली मियामी-नासाऊ शर्यतीत तशा बोटीनं बाजी मारली आणि मग सगळे तसंच बनवायला लागले. इंजिन आत आणि प्रोपेलरचा पाय मागं बाहेर, ज्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात, ते व्होल्वो पेंटानं १९५९ ला आणलं आणि मर्क्रुझरनं त्यानंतर १९६१ ला. त्यामुळं मूळ स्टर्नड्राइव्हची बोट कुणी १९५५ ची म्हणून सांगत असेल तर तिथंच थांबायचं.

लाकडी असेल तर स्क्रू बघा, स्क्रू लई बोलतात. अधिक चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यावर वापरात आले, त्याआधीच्या बोटीत सरळ खाचेचे पितळी किंवा ब्राँझचे असतात. पण एखादा फिलिप्स दिसला म्हणून लगेच नापास करू नका, दुरुस्तीत बदललेला असू शकतो, सीटखाली, डेकच्या आत, जिथं कुणी हात घातला नसेल तिथले बघा. अमेरिकन जुन्या बोटी बहुतेक महोगनीच्या, सागवान दिसलं तर इकडं बनलेली असण्याची शक्यता धरा. क्रिस-क्राफ्ट निघाली तर तुमचं नशीब, त्या कंपनीची जुनी हल कार्डं अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मरिनर्स म्युझियममध्ये जपून ठेवलीत, हल नंबर कळवला की कुठली बोट कधी बाहेर पडली ते शोधता येतं.

आता मेन गोष्ट, हल नंबर. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक बोटीवर बारा अक्षर-अंकांचा नंबर सक्तीचा झाला. बोटीच्या मागं उभं राहून मागच्या सपाट बाजूकडं, ज्याला ट्रान्सम म्हणतात तिच्याकडं तोंड केलं की आपल्या उजव्या हाताला, वरच्या कडेजवळ तो असतोय. त्यावर रंगाचे थर चढलेले असतात म्हणून दिसत नाही, हात फिरवला की बोटाला लागतो. मग काय करायचं, आपण आरटीओसाठी चेसिस प्रिंट काढतो ना तसंच, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी करून घासायची, नाहीतर संध्याकाळी टॉर्च बाजूनं तिरकी मारायची, अक्षरं उठून दिसतात. सँडपेपर मात्र अजिबात घालू नका, बोट अजून तुमची नाही आणि नंबर एकदा घासला की गेला.

या बारातली पहिली तीन अक्षरं कंपनीची, ती अमेरिकन कोस्ट गार्डच्या यादीत ऑनलाइन शोधता येतात. तिसरं अक्षर झेड आणि आधीची दोन अमेरिकेतल्या राज्याची असतील तर तो नंबर कंपनीनं दिलेला नाही, घरी बनवलेल्या किंवा बिननंबरच्या बोटीला सरकारनं नंतर दिलाय, त्यातलं साल बोटीचं धरू नका. पुढची पाच सिरीयल, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, दिसली तर नंबर नीट वाचला नाही किंवा कुणीतरी नंतर ठोकलाय. शेवटची चार म्हणजे आपलं काम.

१९८४ च्या मध्यापर्यंत या शेवटच्या चारची दोन रूपं चालत होती. एक साधं, महिना आणि साल, म्हणजे ०५७८ असेल तर मे १९७८, झालं. दुसरं एम अक्षरानं सुरू होतं आणि तिथं लोक हमखास फसतात. एम ७८ ए असेल तर वाटतं जानेवारी ७८, पण तसं नाही, यात ७८ हे मॉडेल साल आणि महिने ऑगस्टपासून मोजायचे, ए म्हणजे ऑगस्ट, बी सप्टेंबर, असं करत एल म्हणजे जुलै. म्हणजे एम ७८ ए ही बोट बनली ऑगस्ट १९७७ ला. १ ऑगस्ट १९८४ पासून पद्धत परत बदलली, आता ए म्हणजे खरोखर जानेवारी, त्याच्यापुढचा अंक बनवलेल्या सालाचा शेवटचा अंक आणि मग दोन अंक मॉडेल सालाचे. के ६८७ म्हणजे नोव्हेंबर १९८६ ला बनलेली, मॉडेल ८७ चं. याच सुमारापासून हाच नंबर बोटीत आणखी एका झाकलेल्या जागी, आतल्या बाजूला किंवा एखाद्या फिटिंगखाली, पण असावा लागतो, दोन्ही जुळले नाहीत तर काहीतरी गडबड आहे. युरोपातली बोट असेल तर जून १९९८ पासून नंबरच्या सुरुवातीला देशाची दोन अक्षरं येतात आणि सीईची, म्हणजे युरोपातल्या नियमांत बसत असल्याची खूण असते.

नंबर नाहीच सापडला तर दोन अर्थ, एकतर ७२ च्या आधीची किंवा अमेरिकेबाहेर, बऱ्याचदा आपल्याकडंच कुठंतरी बनलेली. भारतात बनलेल्या छोट्या बोटीवर हा अमेरिकन नंबर असायचं कारणच नाही, त्यामुळं "नंबर न्हाई म्हणजे लई जुनी" हा हिशोब चुकीचा आहे आणि यावर पैसे मोजू नका. आणि नंबर होता पण काढलाय असं वाटत असेल, म्हणजे तेवढ्याच चौकोनात जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, नवा, रिव्हेटची जुनी भोकं बुजवलेली, तर वय सोडा, बोटच सोडून द्या.

काकांच्या बोटीवर पेन्सिल घासल्यावर उमटलं ०५७८. काका स्वतः चष्मा लावून दोनदा बघून आले.

मग इंजिन. इथं कोल्हापूरकराला फायदा आहे, कारण फाउंड्री आपल्या घरची. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, ज्यानं साच्यात लोखंड ओतताना बघितलंय त्याला सांगावं लागत नाही की पॅटर्नमधून उठावाची आलेली अक्षरं ग्राइंडरनं काढता येतील पण तशीच परत आणता येत नाहीत. त्यामुळं माझा विश्वास ओतलेल्या अक्षरांवर सगळ्यात जास्त, त्याच्या खालोखाल ठोकलेल्या नंबरवर आणि स्टिकर-प्लेटवर सगळ्यात कमी. शेवरोलेच्या व्ही-८ ब्लॉकवर बनवलेलं आतलं इंजिन असेल तर ब्लॉकच्या मागं, बेलहाउसिंग म्हणजे फ्लायव्हीलचं आवरण बसतं त्या कडेवर तारीख ओतलेली असते, सी १५ ८ म्हणजे मार्च महिना, १५ तारीख आणि सालाचा शेवटचा अंक ८. आता ते ६८ का ७८ हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी शेजारचा कास्टिंग नंबर यादीत बघायचा. आणि ही तारीख ब्लॉक ओतल्याची, इंजिन जुळलं त्यानंतर आणि बोटीत बसलं त्याच्याही नंतर. ब्लॉकची तारीख हलच्या तारखेनंतरची निघाली तर इंजिन बदललेलं आहे हे नक्की.

मागं लटकवायचं आउटबोर्ड असेल आणि जॉन्सन किंवा एव्हिनरूड असेल तर एक सोपी युक्ती आहे, १९८० पासूनच्या मॉडेलला लागू पडते. इंग्रजीतला इंट्रोड्यूसेस हा शब्द घ्या, त्याची दहा अक्षरं आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस, यांना ओळीनं १ ते ९ आणि शेवटच्याला ० द्या. मॉडेल नंबरचं सगळ्यात शेवटचं अक्षर सोडायचं आणि त्याच्या आधीची दोन वाचायची. आमच्यासमोरच्या एव्हिनरूडवर होतं ई ७० ई एल सी डी सी. शेवटचा सी सोडला, राहिले सी डी, सी म्हणजे ८, डी म्हणजे ६, इंजिन १९८६ चं, ७० हॉर्सपॉवर. हा नंबर ट्रान्समला पकडणाऱ्या ब्रॅकेटवरच्या प्लेटवर असतोय, पण ब्रॅकेट आणि प्लेट दुसऱ्या इंजिनची असू शकते, म्हणून कव्हर काढून वरच्या ब्लॉकवर नाण्याएवढी एक गोल टिकली असते, कोअर प्लग, तिच्यावर ठोकलेलं पण बघा. इथं ओ अक्षर आणि शून्य यात गल्लत करू नका. १९८० च्या आधीचे मॉडेल नंबर बहुतेक नुसते अंकांचे, ते यादी घेऊनच लावावे लागतात.

एवढं झाल्यावर मला सगळ्यात आवडणारं काम, स्टिकर वाचणं. स्टिकरवर विश्वास कमी म्हटलं खरं, पण त्यावरचा पत्ता खोटं बोलायला विसरतो. डॅशबोर्डच्या खाली डीलरची एक पुसट पट्टी होती, त्यावर बॉम्बे लिहिलेलं आणि पुढं सहा आकडी पिन कोड. पिन कोड आपल्याकडं १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि बॉम्बेचं अधिकृत मुंबई झालं १९९५ ला, म्हणजे ती पट्टी या मधल्या काळातली, ७८ च्या हलशी बरोबर बसली. असंच मीटरवर, होकायंत्रावर वेस्ट जर्मनी असेल तर तो भाग १९४९ ते १९९० मधला. वेबसाइटचा पत्ता छापलेला असेल तर तुम्हीच समजून घ्या. ट्रेलरची पाटी एमएच-०९ होती, ही पद्धत १९८९ नंतरची, म्हणजे ट्रेलर नंतरचा. ट्रेलरच्या टायरवर चार आकडी कोड असतोय, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा, त्यावरून बोटीचं वय नाही कळत पण "दरवर्षी पाण्यात जात हुती" हे खरं का ते कळतं.

कागद मागा, पण त्यातलं साल डोळे झाकून घेऊ नका. बाहेरून आलेल्या बोटीचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद असेल तर ती आयातीची तारीख, बनल्याची नाही. आपल्या नद्या-तलावातल्या यांत्रिक बोटींसाठी आता २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा आहे, त्याआधी १९१७ चा होता, राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडं असतंय. नोंदणीची तारीख ही नोंदणीची तारीख, एवढंच. आधीच्या मालकाकडं जुने फोटो असतील तर जरूर बघा, काकांकडं रंकाळ्यावरचा एक होता, मागं शालिनी पॅलेस आणि पुढं हीच बोट, पण मागं वेगळंच, काळं इंजिन. म्हणजे ८६ चं नंतर बसलं याला तो पुरावाच झाला.

एक चूक सगळे करतात, मी पण केलीय, बोटीची अवस्था बघून वय ठरवायचं. आपल्याकडचा पाऊस आणि एप्रिल-मेचं ऊन, उघड्यावर तीन वर्षं ठेवली की रंग उडतो, जेलकोट खडूसारखा हाताला लागतो, सीटचा फोम निघतो आणि बोट पन्नास वर्षांची दिसायला लागते. उलट चांगल्या शेडमधली बोट वयापेक्षा तरुण दिसते. अवस्था बघायची ती किमतीसाठी. ट्रान्सम नाण्यानं ठोकून बघा, टणक आवाज आला तर आतलं प्लायवुड बरं आहे, बद्द आला तर कुजलंय आणि तो खर्च मोठा असतोय.

आणि शक्य असेल तर मालकाला विचारून, त्याच्या हातानंच, दोर बांधायचं एखादं क्लीट काढायला सांगा. खाली मूळ रंग दिसतो, बोट किती वेळा रंगवली ते थर मोजता येतात. काकांनी स्वतः पाना आणून काढलं, वर निळा होता, खाली पांढरा, त्याच्याखाली लाल, आणि फोटोतली बोट लालच होती.

मग चहाचा दुसरा कप घेऊन बसलो आणि सगळं एका वहीच्या पानावर लिहिलं, हल मे १९७८, इंजिन १९८६, ट्रेलर १९८९ नंतरचा. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आबांनी घेतली तवा मी दहावीत हुतो, म्हंजे बरोबर हाय की हे." त्यांनी किंमत त्याप्रमाणं कमी केली आणि मित्रानं बोट घेतली. व्यवहाराच्या कागदावर हल आणि इंजिनचं साल वेगवेगळं, दोन्ही नंबरांच्या पेन्सिल प्रिंटसकट लावलंय. इंजिन सध्या उद्यमनगरात उघडलंय, लाल रंगाचं बघतोय.