कोकणातल्या जुन्या शाळेच्या दुरुस्तीला नगरपरिषदेची परवानगी कशी मिळवावी

शाळा दुरुस्तीचा विषय निघाला की पहिला सल्ला मिळतो, "आधी आर्किटेक्ट गाठा, नकाशा काढून घ्या." कोकणातल्या जुन्या शाळेसाठी हा सल्ला उलटा आहे. नगरपरिषदेत फाईल नव्या नकाशामुळे क्वचितच अडते. जुनी इमारत कागदावर सापडत नाही, म्हणून ती अडते. नकाशाचे पैसे नंतर मोजा.

हा लेख नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत संस्था चालवत असलेल्या शाळांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांची वाट वेगळी असते. संस्थेचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्र, घरपट्टीची पावती, सातबारा किंवा मिळकत पत्रिका तुमच्याकडे असणारच. कर्ज काढून काम करणार असाल तर मात्र धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्या.

परवानगी लागते का, हे आधी ठरवा. रंग, गिलावा, फरशी, फुटकी कौलं किंवा कुजलेला वासा बदलणं ही देखभाल झाली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये बाह्य रूप फारसं न बदलणाऱ्या अशा कामांना सूट आहे. तरी मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या आणि पोच घ्या. कौलं काढून स्लॅब टाकणं, भिंत पाडून पुन्हा उभारणं, खोली वाढवणं याला परवानगी लागतेच. "शाळेचं काम आहे, कोण विचारतो?" म्हणणाऱ्यांना समितीच्या बैठकीतच गप्प करा. छप्पर उघडं असताना काम थांबवण्याची नोटीस आली, तर जूनमध्ये पोरांना बसवणार कुठे?

जुनी इमारत कागदावर उभी करणे

इथे घाई करू नका. आमच्या फायली वर्षानुवर्षं इथेच रखडायच्या.

आपल्याकडच्या कितीतरी शाळा गावात ग्रामपंचायत होती तेव्हाच्या. जागा कुणीतरी दिली, गावाने श्रमदानाने चिरे (जांभ्याचे दगड) वाहिले, भिंती उभ्या राहिल्या. मंजूर नकाशा त्या काळी कुणी मागितला नाही. आज मात्र त्याच्याशिवाय इमारत अधिकृत कशी, हा प्रश्न येतो, आणि शाळा किनाऱ्याजवळ असेल तर तो दुप्पट जड होतो. सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. सध्याची २०१९ ची अधिसूचना अस्तित्वातल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती करू देते, पण जोत्याचं क्षेत्रफळ आणि चटई क्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम) वाढता कामा नये. म्हणून तुम्हाला दोन गोष्टी दाखवायच्या आहेत. इमारत १९९१ च्या आधीची आहे, आणि ती तेव्हा होती तेवढीच आज आहे.

सीआरझेड म्हणजे फक्त समुद्र, या भ्रमात राहू नका. भरतीचं पाणी चढतं त्या खाडीच्या काठालाही तो लागतो. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत. वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या काठावरच्या शाळांनी मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला सर्व्हे नंबर आधी बघावा.

पुरावा म्हणून सर्वांत वजनदार कागद म्हणजे करआकारणी नोंदवहीचा जुना उतारा. ग्रामपंचायत काळातली शाळा असेल तर नमुना ८. त्याच्या जोडीला सिटी सर्व्हेचा नकाशा, शिक्षण खात्याची मान्यतेची पत्रं, आणि खोल्यांची मापं लिहिलेले तपासणी अहवाल. जुने फोटो लावा, पण त्यांच्यावर विसंबू नका. फोटोवरून क्षेत्रफळ कळत नाही. दप्तरातून उतारा मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, पण "शाळेची सर्व कागदपत्रे" असं मोघम मागू नका. घर क्रमांक आणि वर्षं लिहून मागा.

मग येते पडवी. पुढची किंवा मागची पडवी कधीतरी चिरे लावून बंद केलेली असते आणि तिथे वर्ग भरत असतो. उताऱ्यावरचं क्षेत्रफळ आणि जागेवरचं माप इथेच जुळत नाही. आर्किटेक्ट म्हणेल, "दाखवूया जुनीच म्हणून." अजिबात ऐकू नका. मोजणीत फरक निघाला की सगळ्या फाईलवरचाच विश्वास उडतो. बंद केलेली पडवी नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा, तिचं वर्ष लिहा, आणि नियमात बसत नसेल तर ती पुन्हा उघडी करायची तयारी दाखवा. एक वर्ग गेला तरी चालेल, शाळा वाचली पाहिजे.

जागेचंही तसंच. सातबारावर अजून देणगीदाराचंच नाव असतं आणि वारस मुंबई-पुण्यात पांगलेले. "आजोबांनी दिलेली जागा, कोण हरकत घेतोय!" हे वाक्य मी फार ऐकलंय, हरकत कामाची खडी येऊन पडल्यावरच येते. सगळ्या वारसांची नोटरी केलेली संमतीपत्रं घ्या, एकाच्या सहीवर समाधान मानू नका. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावात असतात, तेव्हाच गाठा. जमलंच तर बक्षीसपत्र नोंदवून घ्या. स्थावराचं दान नोंदणीशिवाय कायद्याने पुरं होत नाही.

अर्जातली भाषाही जपून वापरा. "दुरुस्ती" लिहा, "पुनर्बांधणी", "विस्तार", "नूतनीकरण" असले शब्द कुठेही नकोत. आहे ते क्षेत्रफळ, उंची, साहित्य आणि वापर, चारही गोष्टी आकड्यांसह लिहा.

पुढचं सोपं आहे

नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल घ्या. जांभ्याच्या जुन्या भिंतीवर थेट स्लॅब टाकायला सांगणारा इंजिनियर बदला. माझं मत विचाराल तर उतरतं छप्परच ठेवा: लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वर कौलं, आणि कैच्या भिंतीत नीट जखडलेल्या. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, मंडणगड-दापोलीकडच्या शाळांचे पत्रे उडाले ते आठवा.

फाईल दिवाळीच्या आत दाखल करा, म्हणजे काम उन्हाळी सुट्टीत बसतं. त्रुटी पत्र आलं तर सगळ्या मुद्द्यांचं उत्तर एकदाच आणि लेखी द्या. ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं समजतात, या तरतुदीच्या भरवशावर चिरा हलवू नका. प्रस्ताव नियमात पूर्ण बसत असेल तरच ती उपयोगी पडते. छपरावर आलेला आंबा-फणस तोडायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी. चिरे घेताना स्वामित्वधन (सरकारी रॉयल्टी) भरल्याच्या पावत्या मागून घ्या.

काम झालं की पूर्णत्वाचा दाखला घ्या. त्याची एक प्रत शाळेत आणि एक संस्थेत ठेवा, मग करआकारणीत नवी नोंद करून घ्या. उताऱ्यावरचं क्षेत्रफळ मंजूर नकाशाइतकंच आलंय का, ते खिडकीवरून हलायच्या आधीच वाचून बघा.