कानातली गाठ आणि ‘इन्फ्लमेटरी पॉलिप’चा रिपोर्ट

आपल्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत वाहते कान इतके येतात, की कानाच्या नळीत लाल, मांसल काही दिसलं की हात आपोआप ‘पॉलिप’, म्हणजे मांसल कोंब, लिहितो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. धोका तिथेच आहे.

ऑस्टिओमा आणि एक्झोस्टोसिस या हाडाच्या साध्या वाढींची फार धास्ती घेऊ नका. एकाच कानात देठावरची टणक गाठ म्हणजे बहुधा ऑस्टिओमा. दोन्ही कानांत रुंद बुडाचे उंचवटे असतील, तर थंड पाण्यात वर्षानुवर्षं पोहल्याचा इतिहास विचारा. प्रोब टेकवला की हाड कळतंच.

मला छळलं ते सेरुमिनस अडिनोमाने, म्हणजे कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींच्या साध्या गाठीने. या ग्रंथी नळीच्या बाहेरच्या, कूर्चेच्या भागातच असतात, म्हणून गाठीचं मूळ तिथे आहे का ते मायक्रोस्कोपखाली शोधा. कानाचा पडदा शाबूत आहे का तेही बघा. वरवरचा तुकडा पॅथॉलॉजीत तपासायला पाठवला की रिपोर्ट येतो, ‘इन्फ्लमेटरी पॉलिप’, म्हणजे सुजेचा कोंब. रिपोर्ट चुकीचा नसतो. वरचा थर खरंच सुजलेला असतो, गाठ त्याच्याखाली असते. मग थेंब, पुन्हा वरवरचा तुकडा, पुन्हा तोच रिपोर्ट. माझ्या पेशंटचे कितीतरी महिने यात गेले. पडदा शाबूत असताना आलेला आणि औषधांनी न हटणारा पॉलिप असेल, तर त्या रिपोर्टवर थांबायचं नाही. खोल तुकडा घ्या. लहान गाठ असेल तर कडांसकट पूर्ण काढून पाठवा. याच ग्रंथींतून अडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा कॅन्सरही होतो, आणि गाठ आजूबाजूला घुसली आहे का हे कड पाहिल्याशिवाय पॅथॉलॉजिस्ट सांगणार कसं? गाठ दुखत असेल तर संशय दुप्पट धरा.

चिमटा लावण्याआधी एचआरसीटी, म्हणजे कानाच्या हाडाचा बारकाईचा सीटी स्कॅन. ठोके देणारी लालसर गाठ ग्लोमस, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, असू शकते. पॉलिप ओढून तर कधीच काढू नका, तो फेशियल नर्व्हला (चेहऱ्याच्या नसेला) किंवा स्टेपीजला (मधल्या कानातल्या चिमुकल्या हाडाला) चिकटलेला असू शकतो. ‘ओढ रे, काही होत नाही’ म्हणणारे सीनियर भेटतील. तिथे नम्रपणे अडून बसा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून निदान मागण्यापेक्षा पॅथॉलॉजीत जाऊन स्लाइड बघा. आत एपोक्राइन (स्राव करणाऱ्या) पेशी, बाहेर मायोएपिथेलियल (आकुंचन पावणाऱ्या) पेशी असा दुहेरी थर एकदा कुणी दाखवला की ओळखता येतो. पहिल्या वर्षी हे येत नसेल तर काही बिघडत नाही, कित्येकांना अख्ख्या रेसिडेन्सीत अशी गाठ दिसत नाही.

पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर मात्र नुसतं ‘ऑरल (कानाचा) पॉलिप’ लिहू नका. गाठ कुठून उगवली, पडदा कसा आहे, दुखतं का, आधीचे रिपोर्ट काय होते, एवढं लिहा आणि ‘ग्रंथीची गाठ?’ असा प्रश्न टाका.