जुनी पिकअप पुन्हा पुन्हा गरम होते? या चुका टाळा

भेरूघाटात बॉनेट उघडून उभी पिकअप दिसली की मला आत डोकवावंसुद्धा लागत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारा वॉल्व, काढून फेकलेला असणार.

इंदूरच्या गॅरेजांत हा सल्ला हमखास मिळतो : "भिया, वॉल्व निकाल दो, पानी खुल्ला घूमेगा." मीही ऐकला होता. २००९ची गाडी, बेडियाच्या मंडीतून मिरची भरून सनावद-बडवाहमार्गे इंदूर. वॉल्व काढल्यावर आठवडाभर काटा इतका खाली राहिला की मी मिस्त्रीला चहा-पोहे खिलवले. पुढच्याच फेरीत, भरल्या गाडीनं घाट चढताना काटा थेट लालमध्ये.

इंजिन गार असताना पाणी बायपासमधूनच, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या वाटेनंच फिरतं. साधारण ८२ अंशांना वॉल्व उघडतो आणि बऱ्याच इंजिनांत तोच बायपासचं तोंड दाबून धरतो. वॉल्व नाही म्हणजे बायपास कायम उघडा, आणि काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. त्यात मी घाई केली. तापल्या इंजिनात कॅनमधलं नर्मदेचं गार पाणी ओतलं. इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला तडा! पोती दुसऱ्या गाडीत चढवताना डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

आता नवा वॉल्वसुद्धा मी आधी दोऱ्याला टांगून पातेल्यातल्या पाण्यात उकळतो. उघडला तरच गाडीत जातो. त्या पातेल्यावरून घरी काय ऐकावं लागतं ते सोडा.

दुसरा राग पाणी ओतणाऱ्यांवर. रोज सकाळी अर्धा लिटर बोअरचं पाणी टाकायचं आणि याला देखभाल म्हणायचं! त्याच पाण्यानं घरच्या भांड्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. आणि मुळात पाणी जातं कुठे ते शोधा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी ओला दिसला तर होज (रबरी पाइप) नाहीतर वॉटर पंप. कोरडा असेल तर इंजिन गार असतानाच रेडिएटरची कॅप उघडून गाडी चालू करा. पाण्यातले बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं समजा.

जाममध्ये तापते आणि हायवेवर सुधारते? फॅन, बेल्ट आणि फॅनभोवतीचं कव्हर बघा. हे कव्हर "उगाच आडवं येतं" म्हणून काढून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. उलट, वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर चोक झालाय का ते आधी बघा. जाळीत मंडीचा भुसा अडकला असेल तर इंजिनाच्या बाजूनं बाहेर, हलक्या धारेनं धुवा. प्रेशर वॉशरनं पत्र्या आडव्या होतात.

कूलंट भरल्यावर हवा न काढता निघू नका. गरम कॅप उघडू नका, हे सांगावं लागतं यातच काय ते आलं.

परवा भाच्याचा फोन : "मामा, रेडिएटर नवा टाकला, तरी उकळतेय." कॅप दाब धरते म्हणून पाणी १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही, हे त्याला तीनदा सांगून झालं होतं. विचारलं, "कॅप?"

"ती जुनीच आहे. चांगली दिसत होती."