पेप्टाइडच्या हायड्रोजेलची पहिली कुपी

स्वतःहून जमणाऱ्या पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) जेलवर काम सुरू करणाऱ्या ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यांनी पहिले जेल एफमॉक-डायफिनाइलअ‍ॅलनीनचे करावे, असे माझे सांगणे आहे. दोनच अमिनो आम्लांचा आणि टोकाला एफमॉक हा रासायनिक गट जोडलेला हा रेणू तयार विकत मिळतो, आणि पद्धतीतला लहानसा फरकही जेलमध्ये कसा उतरतो, हे त्यावर फार स्पष्ट दिसते.

१० मिलिग्रॅम भुकटी १०० मायक्रोलिटर डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या सेंद्रिय द्रावकात) एकही कण उरणार नाही अशी विरघळवावी. डीएमएसओ १८.५ अंश सेल्सिअसलाच गोठतो, त्यामुळे आपल्याकडच्या जानेवारीत बाटलीत पांढरा घट्ट गोळा दिसला, तर तो खराब झाला असे समजू नये. झाकण घट्ट लावून बाटली कोमट पाण्यात उभी करावी आणि सगळा द्रावक वितळल्यावरच वापरावा, कारण हवेतून शोषलेले पाणी आधी वितळलेल्या भागात जास्त असते. हातमोजे घालावेतच, कारण हा द्रावक त्वचेतून आत जाताना विरघळलेले पदार्थही सोबत नेतो.

मग काचेच्या कुपीत ९५० मायक्रोलिटर विआयनीकृत पाणी घेऊन त्यात या द्रावणाचे ५० मायक्रोलिटर एका दमात सोडावेत, क्षणभर मिसळावे आणि कुपी स्थिर ठेवावी. मिश्रण आधी पांढरे, गढूळ होते आणि काही मिनिटांत निवळत जाते. या वेळात रेणूंची अ‍ॅरोमॅटिक वलये (बेंझिनसारखी सपाट कड्यांची रचना) एकमेकांवर रचली जातात, हायड्रोजन बंधांच्या आधाराने तंतू वाढतात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकते. दही लागताना भांडे हलवत नाहीत, तसा येथेही कुपीला हात लावू नये.

उलट्या केलेल्या कुपीतून जेल न ओघळणे ही केवळ प्राथमिक खूण होय. ऱ्हिओमीटरवर, म्हणजे पदार्थाचा ताठपणा व प्रवाहीपणा मोजणाऱ्या यंत्रावर, स्टोरेज मॉड्युलस (घनासारखा लवचिक गुण) हा लॉस मॉड्युलसपेक्षा (द्रवासारख्या वाहण्याच्या गुणापेक्षा) स्पष्टपणे जास्त यायला हवा. पेप्टाइड तेच, प्रमाण तेच, तरी जेलचा ताठपणा अनेक पटींनी बदलू शकतो. म्हणून तापमान, मिसळण्याची रीत, मोजणीपूर्वी जेल किती वेळ ठेवले, हे सारे वहीत लिहावे, नुसती पेप्टाइडच्या प्रमाणाची ‘०.५ टक्के’ ही नोंद मला अपुरी वाटते.

पेशी वाढवायच्या असतील तर ५ टक्के डीएमएसओ चालत नाही. त्यासाठी पेप्टाइड सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून त्यात ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन मिसळावे. त्यापासून पाण्यात सावकाश ग्लुकोनिक आम्ल तयार होते, पीएच सगळीकडे सारखा उतरतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबांनी होणाऱ्या गुठळ्या टळतात. मात्र लॅक्टोन जास्त झाल्यास जेल आम्लधर्मी राहते, म्हणून ते संवर्धन माध्यमाने (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवाने) पुन्हापुन्हा धुवावे आणि पीएच ७.४ च्या आसपास आल्याची खात्री झाल्यावरच पेशी सोडाव्यात.